रंग पक्का कशाने होतो? रंजके, तुरटी-हिराकस आणि नुसत्या भुकट्या

वस्त्रवाचक

पुण्यात हातमागाच्या कापडांचे प्रदर्शन कुठे ना कुठे भरलेले नाही असा महिना क्वचितच जातो आणि तिथल्या अनेक दालनांवर ‘नैसर्गिक रंग’ अशी पाटी लावलेली असते. गिऱ्हाईक पदर हातात घेऊन विचारते, “रंग जाणार नाही ना?” आणि उत्तर मिळते, “नैसर्गिक आहे, पक्काच आहे.” रंग कशापासून काढला आणि तो कापडावर किती टिकेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. हळद पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि तरीही ती उन्हात भराभर उडते. मंजिष्ठाही नैसर्गिकच, पण मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठाच्या जातीचा रंग हजारो वर्षांनंतर ओळखता आला. या दोन टोकांमध्ये फरक कशाने पडतो, याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा चर्चेचा धागा काढत आहे.

आपण सगळ्यांनाच ‘रंग’ म्हणतो, त्यामुळे सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. गेरू, काव, पिवडी, शेंदूर, हिंगूळ, हरताळ, काजळी या भुकट्या आहेत. त्या पाण्यात कितीही ढवळल्या तरी विरघळत नाहीत, थोड्या वेळाने तळाशी बसतात आणि म्हणून त्यांना डिंक, सरस, तेल किंवा चुना यांपैकी कशाने तरी पृष्ठभागावर चिकटवावे लागते. अजिंठ्याच्या चित्रांतील तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा आणि निळा लाजवर्द दगडाचा आहे. हे खनिज रंग उजेडाने सहसा उडत नाहीत. तिथे जिथे चित्र गेले आहे, तिथे बहुधा खालचा गिलावाच सुटलेला आहे. म्हणजे अशा रंगाचे आयुष्य बव्हंशी त्याला धरून ठेवणाऱ्या थराचे आयुष्य असते.

कापडाची गोष्ट वेगळी आहे. मंजिष्ठा, लाख, पळसाची फुले, बारतोंडीचे मूळ यांतील रंजक, म्हणजे रंग देणारे द्रव्य, पाण्यात उतरते आणि धाग्याच्या आत शिरते. परंतु जसे ते शिरले तसेच पुढच्या धुण्यात बाहेरही येऊ शकते. त्याला आत अडकवून ठेवण्याचे काम तुरटीतील ॲल्युमिनियम किंवा हिराकसातील लोह करते, कारण या धातूचा कण एका बाजूने धाग्याशी आणि दुसऱ्या बाजूने रंजकाशी बांधला जातो आणि तयार होणारे संयुग पाण्यात विरघळत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत या पदार्थांना रंगबंधक म्हणतात. रंगाची छटाही तोच ठरवतो, ही त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. ठशांनी छपाई करणारे कारागीर कापडावर एका ठशाने तुरटीची खळ आणि दुसऱ्या ठशाने लोखंडाचे पाणी उमटवतात, आणि नंतर ते सगळे कापड मंजिष्ठाच्या किंवा ॲलिझरिन या तांबड्या रंजकाच्या एकाच उकळत्या भांड्यात सोडतात. काही वेळाने तुरटीच्या जागी तांबडी फुले आणि लोखंडाच्या जागी काळपट रेघा उमटतात. भांड्यात रंग एकच होता. दोन रंग ठरवले ते आधी छापलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या क्षारांनी.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न असा आहे, की रंग कशावर बसवला आहे. या विषयात कोणी प्रत्यक्ष काम केले असल्यास सविस्तर लिहावे.

---

पाषाणकर

चर्चेचा विषय उत्तम आहे आणि मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला इतिहासाची एक जोड देतो.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी ॲनिलिनपासून क्विनीन करण्याचा प्रयत्न करत असताना त्याच्या हाती जांभळा रंग लागला, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तो जांभळा रंग रेशमावर छान चढत होता, पण सुती कापडावर तो नीट बसेना. त्यासाठी टॅनिन या वनस्पतींतील तुरट द्रव्याचा आधार घेऊन सुताला आधी तयार करण्याची रीत बसवावी लागली, तेव्हा कुठे तो गिरण्यांच्या कामाचा झाला. म्हणजे कारखान्यात जन्मलेल्या पहिल्या गाजलेल्या रंगालाही त्याच जुन्या अडचणीतून जावे लागले, जी आपल्याकडच्या रंगाऱ्यांनी हिरडा वापरून सोडवलेली होती.

दुसरी गोष्ट अशी, की १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडातील ॲलिझरिन हे रंजक डांबरातील अँथ्रासीनपासून तयार केले. मुळातून काढलेले ॲलिझरिन आणि कारखान्यातले ॲलिझरिन हे रेणूच्या दृष्टीने एकच आहेत. तुरटी सारखीच दिली, कापड सारखेच तयार केले, तर टिकाऊपणात फरक पडण्याचे कारणच उरत नाही. फरक असतो तो छटेत, कारण मुळात एकटे ॲलिझरिन नसते, त्यासोबत पर्प्युरिनसारखी इतर रंजके असतात आणि त्यांच्या मिश्रणामुळे वनस्पतीच्या रंगाला जी खोली येते ती शुद्ध रसायनाला येत नाही. आपल्याकडच्या मंजिष्ठात तर मुख्यतः पर्प्युरिन आणि मंजिस्टिन हीच रंजके आहेत.

पुण्याशी या विषयाचा संबंध फार जवळचा आहे, हेही इथे नोंदवावेसे वाटते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे रंजकांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य अभ्यासक होते आणि कृत्रिम रंजकांवरील बहुखंडी ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. कारखान्यांच्या रंगांत आयुष्य घालवलेल्या या माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाची, म्हणजे लॅकेइक आम्लांची रेणुरचना उलगडली. रेशीम रंगवणाऱ्यांनी शतकानुशतके वापरलेल्या लाखेच्या रंगात नेमके काय आहे, हे समजून घेण्याच्या कामात आपल्या शहराचा मोठा वाटा आहे आणि तो पुणेकरांना अधिक माहीत असायला हवा.

---

जुन्नरी

वर टॅनिनचा उल्लेख आला आहे म्हणून हिरड्याबद्दल लिहितो, कारण तो आमच्या भागातला आहे. जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या आसपासच्या डोंगरांत हिरड्याची झाडे भरपूर आहेत. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबे बी धरण्याआधीची कोवळी फळे गोळा करून वाळवतात. त्याला बाळहिरडा म्हणतात. वाळलेला बाळहिरडा काळा, सुरकुतलेला आणि दगडासारखा कडक असतो. हे त्या घरांचे वर्षाचे हक्काचे रोख उत्पन्न असते. पुण्यातल्या बहुतेकांना हिरडा त्रिफळाचूर्णामुळे माहीत असतो. कातडी कमावण्यात आणि कापड रंगवण्यात त्याचा किती उपयोग होतो हे फारसे माहीत नसते.

रंगवण्यातले त्याचे काम असे आहे. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे असल्यामुळे तुरटी सहज धरतात. सूत मात्र तुरटी नीट धरत नाही. म्हणून सुती कापड आधी खळ जाईपर्यंत उकळून धुतात आणि मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात. त्या पाण्यातून निघालेले कापड फिक्या, किंचित हिरवट पिवळ्या रंगाचे दिसते आणि त्याला तुरट वास येतो. आता त्यावर तुरटी धरते. कलमकारी करणारे तर हिरडा म्हशीच्या दुधात कालवून कापडाला देतात, म्हणजे दुधातील स्निग्धांशामुळे कलमाची रेघ पसरत नाही.

हेच पिवळट कापड तुरटीऐवजी लोखंडाच्या पाण्यात बुडवले तर काय होते ते प्रत्येकाने एकदा पाहावे. गंजलेले खिळे, घोड्याची नाल असे लोखंड गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबवून ते पाणी तयार करतात. त्याचा थेंब कापडावर पडताच पिवळा रंग आधी राखाडी होतो, मग कडेने निळसर होत होत बघता बघता काळा पडतो. हिरडाही काळा रंग नाही आणि ते पाणीही काळे नसते. काळा रंग त्या दोघांच्या भेटीतून कापडाच्या आतच तयार होतो, आणि म्हणूनच तो धुऊन निघत नाही.

---

मोडीप्रेमी

जुन्नरी यांनी वर्णन केलेली क्रिया शाईची आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. युरोपात मायफळाचे टॅनिन आणि हिराकस यांची शाई शतकानुशतके वापरात होती. ती कागदात मुरते, पुसता येत नाही, पण तिच्यातील आम्ल आणि लोह कालांतराने कागद खातात आणि अक्षरांच्या जागी भोके पडतात.

आपल्याकडची मोडी कागदपत्रे प्रामुख्याने काजळीच्या शाईने लिहिलेली आहेत. काजळी, डिंक आणि पाणी यांचे मिश्रण घोटून घोटून ती शाई करत. वस्त्रवाचकांनी सांगितलेल्या भेदानुसार ती भुकटीच्या वर्गात मोडते: कण कागदावर बसतात, आत विरघळत नाहीत. तिचे गुणदोषही त्याच वर्गाचे आहेत. उजेडाने ती फिकी पडत नाही, कारण कार्बनवर उजेडाचा परिणाम होत नाही. मात्र पाणी लागले की डिंक सुटतो आणि ओळीच्या ओळी फराट्यासारख्या पसरतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद आजही ठसठशीत वाचता येतात याचे श्रेय काजळीला आहे, आणि अशा कागदांना ओलाव्यापासून जिवापाड जपावे लागते याचे कारण डिंकात आहे.

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, त्याचाही उगम अशाच भुकटीत आहे. पोथीत अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत, तो वाळला की त्यावर पुन्हा लिहिता येत असे. हरताळ हे आर्सेनिकचे गंधकाशी झालेले संयुग असल्यामुळे ते विषारी आहे, म्हणून जुन्या पोथ्या हाताळल्यावर हात स्वच्छ धुण्याची सवय प्रत्येक अभ्यासकाने ठेवावी आणि पान उलटताना बोट जिभेला लावू नये.

---

वस्त्रवाचक

मोडीप्रेमी यांनी सांगितलेला कागद खाण्याचा दोष कापडातही तसाच दिसतो. जुन्या छापील कापडांत अनेकदा तांबडा भाग शाबूत असतो आणि नेमक्या काळ्या रेघांच्या जागीच कापड जिरलेले, झिजून फाटलेले असते. त्याला कारण हिरडा-लोखंडाच्या काळ्यातील लोह आहे. ज्यांच्या घरात असे कापड आहे त्यांनी ते घडी करून ठेवू नये, गुंडाळून ठेवावे, कारण घडीची रेघ आणि काळी रेघ एकावर एक आली की तिथेच ते तुटते.

---

सदाशिवपेठी

हळदीला या धाग्यात सुरुवातीलाच कच्चे ठरवले आहे आणि ते कापडापुरते खरे आहे, परंतु हळदीचे रसायन इतके मनोहारी आहे की तिच्यावर एक परिच्छेद खर्च करावा असे मला वाटते. लग्नाच्या हळदीचे डाग पडलेले पांढरे कापड साबणाच्या पाण्यात टाकले की डाग एकदम लालभडक होतात आणि घरातली नवखी माणसे घाबरतात. खळबळून काढले की ते पुन्हा पिवळे होतात आणि कडक उन्हात वाळत घातले की उडून जातात. साबणाच्या क्षारामुळे हळदीतील कर्क्युमिन लाल होते, क्षार गेला की मूळ पिवळेपण परत येते आणि ऊन त्याचा रेणूच मोडते.

पारंपरिक कुंकू याच गुणावर आधारलेले आहे. पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातील केम ही गावे कुंकवासाठी प्रसिद्ध आहेत. नुसत्या चुन्याने लाल केलेली हळद लिंबू लागताच पिवळी पडते, कारण तो बदल तात्पुरता असतो. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांचे पुट देऊन केलेल्या कुंकवाची गोष्ट निराळी आहे. टाकणखारातील बोरॉन कर्क्युमिनशी जोडला जाऊन रोझोसायनिन नावाचे वेगळेच लाल संयुग तयार होते, आणि ते लिंबाने पिवळे पडत नाही. त्याला तीव्र क्षार लागला तर ते निळसर काळे होते. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच कारणाने. वस्त्रवाचकांच्या मुद्द्याला यातून पुष्टीच मिळते असे मला वाटते, कारण इथेही हळद एकच आहे आणि जोडीला कोण आहे यावर तिचे टिकणे ठरते.

आज पूजेच्या दुकानांत मिळणारे पुष्कळसे कुंकू हे पांढऱ्या भुकटीवर कृत्रिम रंजक चढवून केलेले असते. कपाळाला खाज सुटत असल्यास ते बंद करावे आणि हळदीचे कुंकू मागून घ्यावे. शेंदराबाबत तर अधिक काळजी घ्यावी, कारण खरा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. देवाच्या मूर्तीला तो लावावा, पण लहान मुलांच्या कपाळाला लावू नये.

---

नवशिकी

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. मी कोथरूडला एका प्रदर्शनात निळीने रंगवलेला दुपट्टा घेतला. विक्रेत्याने रंग पक्का असल्याची खात्री दिली होती, पण पहिल्याच दिवशी पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर निळसर छटा उतरली. तुरटी नीट दिलेली नसावी, असा निष्कर्ष मी काढावा का? आणि कापड घेण्यापूर्वी किंवा घेतल्यावर घरच्या घरी काही परीक्षा करता येते का?

---

नीलांबरी

नीळ हा माझा कामाचा विषय असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. निळीला तुरटी लागतच नाही, त्यामुळे दोष तुरटीचा नाही.

वर जे दोन वर्ग सांगितले गेले, त्या दोन्हींच्या मध्ये नीळ बसते, आणि म्हणूनच ती समजायला अवघड आहे. निळीची वडी ही भुकटीच आहे, ती पाण्यात विरघळत नाही. ती विरघळवण्यासाठी तिच्यातला निळेपणा आधी काढून घ्यावा लागतो. नांदेत चुन्याचे पाणी, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून ते आंबवतात. आंबण्यात प्राणवायू संपतो, निळीचे रूपांतर विरघळणाऱ्या, पिवळसर पदार्थात होते आणि नांदेवर तांबूस-जांभळी झाक असलेला निळा फेस येतो, ज्यावरून नांद तयार झाल्याचे ओळखतात. नांदेचा वासही उग्र होतो आणि जाणता कारागीर त्या वासावरून तिची तब्येत सांगतो. कापड त्यात बुडवून बाहेर काढले की ते पोपटी पिवळे दिसते. मग हवा लागते, आणि डोळ्यांदेखत ते हिरवे, मग मोरपंखी, मग निळे होत जाते. धाग्याच्या आत शिरलेले द्रव्य पुन्हा न विरघळणारी नीळ बनून तिथेच अडकते. गडद रंग हवा असेल तर नांदेत जास्त वेळ ठेवून उपयोग नसतो, पुन्हा पुन्हा बुडवून प्रत्येक वेळी हवा द्यावी लागते.

यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जी नीळ धाग्याच्या आत आहे ती पाण्याने आणि साबणाने सहज जात नाही. परंतु जी पृष्ठभागावर राहिली ती केवळ चिकटलेली भुकटी असते आणि घर्षणाने ती उतरते. नव्या जीन्सने हात निळे होतात ते याच कारणाने, आणि त्या जीन्सची नीळ कारखान्यातली असते. घाईने, एक-दोनच गडद बुडव्यांत रंगवलेल्या आणि नंतर भरपूर न धुतलेल्या कापडाची नीळ जास्त उतरते. आपला दुपट्टा थंड पाण्यात वेगळा, पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत धुवावा. त्यानंतरही काही दिवस पांढऱ्यावर घेऊ नये.

एक खुलासा करते, कारण कार्यशाळांत हा प्रश्न नेहमी येतो. पांढऱ्या कपड्यांना देण्याची जी निळीची पूड घरोघरी असायची, ती या झाडाची नीळ नसून अल्ट्रामरीन आहे, म्हणजे अजिंठ्यातल्या त्या लाजवर्द दगडाची कारखान्यात केलेली प्रतिकृती. तिच्यात कापड रंगवण्याचा प्रयत्न करू नये, ती धुऊन जाते.

कृत्रिम नीळ १८९७ साली जर्मनीत व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली आणि आपल्याकडची निळीची शेती वेगाने घटली. त्या शेतीचे स्मरण मी गौरवाने करू शकत नाही, कारण १८५९-६० मधला बंगालातील शेतकऱ्यांचा उठाव आणि १९१७ मधला चंपारणचा लढा हे दोन्ही निळीच्या सक्तीविरुद्ध होते. नैसर्गिक निळीची वाखाणणी करणाऱ्या प्रत्येक दालनात हा इतिहासही सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

---

पाषाणकर

नीलांबरी यांच्या निवेदनाला एक पुरवणी जोडतो. सुती कापडावर रंजक थेट रासायनिक बंधाने जोडणारे रंग १९५६ मध्ये बाजारात आले, म्हणजे पर्किनच्या जांभळ्यानंतर बरोबर १०० वर्षांनी. त्यांना रंगबंधकही लागत नाही आणि निळीसारखा अडकवण्याचा खटाटोपही लागत नाही. आजच्या सुती कपड्यांतील गडद, चमकदार रंग पुष्कळदा याच वर्गातले असतात आणि टिकाऊपणात ते उत्तम ठरतात.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळा धरावा. ॲझो या वर्गातल्या काही कृत्रिम रंगांतून कर्करोगाशी संबंधित अमाइन्स नावाची रसायने सुटू शकतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि त्यानंतर भारतानेही पावले उचलली. त्यामुळे कृत्रिम रंगाबाबत सावध राहणे योग्यच आहे, परंतु शेंदूर आणि हरताळ हेही निसर्गातल्याच शिशाचे आणि आर्सेनिकचे आहेत, हे वर इतरांनी लिहिले आहे ते विसरू नये.

---

वस्त्रवाचक

नवशिकी यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. दुकानात करण्यासारखी परीक्षा एकच आहे: पांढरा सुती रुमाल किंचित ओला करून कापडाच्या आतल्या कडेवर दहा-बारा वेळा घासावा. तांबड्या किंवा पिवळ्या रंगाचे कापड रुमालाला स्पष्ट डाग देत असेल तर रंगबंधक अपुरा आहे किंवा कापड नीट धुतलेले नाही असे समजावे. निळ्या कापडाने हलकी छटा दिली तर तेवढ्यावरून ते नाकारू नये, कारण नीलांबरी यांनी सांगितल्याप्रमाणे तो निळीचा स्वभाव आहे.

घरी आणल्यावर उजेडाची परीक्षा करावी. शिवणीतून निघालेली चिंधी अर्धी जाड पुठ्ठ्याखाली झाकून दक्षिणेच्या खिडकीत काही आठवडे ठेवावी आणि मग दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावेत. हळद आणि पळस या परीक्षेत लगेच उघडे पडतात. हळदीचा संशय असल्यास एका धाग्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी सोडावे. तो लाल झाला तर त्यात हळद आहे, आणि डाळिंबाची साल किंवा झेंडू असल्याचे विक्रेत्याने सांगितले असले तरी ते अर्धसत्य आहे.

धुताना सौम्य साबण वापरावा, सोडा टाळावा आणि वाळत सावलीत घालावे. हिरडा-लोखंडाच्या काळ्या कापडावरचा डाग काढण्यासाठी लिंबू कधीही लावू नये, कारण लिंबाचे आम्ल लोह ओढून घेते आणि त्या जागी काळा रंग जाऊन हिरड्याचा मूळ पिवळट ठिपका कायमचा उरतो.